ध्रुवीय एरोसोलांच्या मॉडेलसाठी ‘एबास’ डेटासेवा: एक परीक्षण

उत्तर आणि दक्षिण ध्रुवाजवळच्या हवेतील नैसर्गिक सूक्ष्मकणांवर डेटावर आधारलेले मॉडेल उभे करायला निघालेल्या माणसाची गाडी सर्वांत आधी मापनांपाशी अडते. वर्षातले काही महिने जिथे सूर्यच उगवत नाही, उपकरणाचा एखादा सुटा भाग यायचा तर जिथे पुढच्या जहाजाची किंवा विमानाची वाट पाहावी लागते, तिथल्या हवेची दहा-वीस वर्षांची नोंद एका जागी, विनाशुल्क आणि तपासलेल्या स्थितीत मिळणे ही साधी गोष्ट नाही. नॉर्वेतील निलू ही संशोधनसंस्था ‘एबास’ या नावाने जी डेटासेवा चालवते, तिच्यामुळे हे काम बऱ्याच अंशी शक्य होते. हे परीक्षण त्या सेवेचे असून ते एकाच वापरापुरते मर्यादित आहे: ध्रुवीय नैसर्गिक एरोसोल, म्हणजे हवेतले हे सूक्ष्मकण, कशामुळे वाढतात आणि कशामुळे घटतात हे मशीन लर्निंगच्या साहाय्याने समजून घेणे. शहरी प्रदूषणाच्या अभ्यासाला ती कितपत उपयोगी पडते, हा विषय इथे घेतलेला नाही.

ध्रुवीय हवेतले कण म्हटले की पुष्कळांना आर्क्टिक धुरके आठवते, म्हणजे हिवाळ्यात आणि वसंतात युरोप-आशियातून उत्तरेकडे सरकणारा कारखान्यांचा आणि इंधनाचा धूर. उन्हाळा लागला की तो बराचसा पावसाने धुऊन निघतो आणि मग नैसर्गिक कणांचा वाटा वाढतो. समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींमुळे डायमिथाइल सल्फाइड हा वायू हवेत येतो आणि त्याचे ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्युरिक आम्ल व मिथेनसल्फॉनिक आम्ल तयार होते. लाटांच्या फेसातून मीठ उडते. समुद्रबर्फावरच्या हवेत आयोडिनच्या आम्लापासून नवे कण जन्माला येतात. समुद्रपक्ष्यांच्या आणि पेंग्विनांच्या वसाहतींतून निघणारा अमोनिया अशा कणांच्या निर्मितीला हातभार लावतो. आणि हिमनद्यांनी दळलेली बारीक माती वाऱ्याबरोबर वर जाते. मुळात हवा इतकी स्वच्छ असते, की घनसेंटिमीटरमागे थोडे कण वाढले तरी ढगांतील थेंबांची संख्या आणि त्यांचा आकार बदलू शकतो. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापत आला आहे. त्यामुळे बर्फ मागे हटला की हे नैसर्गिक स्रोत कसे वागतील, हा प्रश्न आता नुसता कुतूहलाचा राहिलेला नाही. समुद्री वनस्पती, डायमिथाइल सल्फाइड आणि ढग यांना जोडणारा चार्लसन, लव्हलॉक, आंद्रे आणि वॉरेन यांचा प्रसिद्ध सिद्धान्त १९८७ मध्ये मांडला गेला आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. भौतिक समीकरणांवर चालणाऱ्या मॉडेलांत या साखळीतील अनेक कड्या अंदाजाने भराव्या लागतात. म्हणूनच मापनांकडूनच नाते शिकून घेणारी पद्धत गेल्या काही वर्षांत पुढे आली आहे, आणि तिला लागणारा कच्चा माल एबास पुरवते.

या सेवेची मुळे सत्तरच्या दशकात युरोपात सुरू झालेल्या सीमापार प्रदूषणाच्या मापनकार्यक्रमात आहेत. पुढे जागतिक हवामान संघटनेच्या निरीक्षणजाळ्याचे एरोसोलविषयक जागतिक डेटाकेंद्रही २०१० पासून निलूकडे आले, त्यामुळे आज रासायनिक घटक, कणांची संख्या, त्यांचे आकारवितरण, प्रकाशाचे विकिरण व शोषण अशी वेगवेगळ्या जातींची मापने इथे एकाच धाटणीच्या फायलींत मिळतात. देश, केंद्र, उपकरण, घटक आणि कणांचा आकारगट असे निकष लावत शोध अरुंद करता येतो. ध्रुवीय अभ्यासाच्या दृष्टीने यातले सर्वांत मोलाचे नाव म्हणजे नॉर्वेच्या स्वालबार्ड या आर्क्टिक द्वीपसमूहातील न्यू-ओलेसुंड वस्तीजवळची झेपेलिन वेधशाळा. ७८.९ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४७५ मीटर उंचीवरच्या या डोंगरमाथ्यावर केबल कारने जावे लागते. भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधनकेंद्र २००८ पासून खाली त्याच वस्तीत आहे, तेव्हा गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात किंवा पुण्यात वातावरणशास्त्र शिकणाऱ्याला ही जागा अगदीच परकी वाटू नये. दक्षिणेकडे अंटार्क्टिकातील क्वीन मॉड लँडमधील नॉर्वेच्या ट्रोल तळाजवळची मापनेही एबासमध्ये आहेत, आणि आपला ‘मैत्री’ तळही त्याच क्वीन मॉड लँडमध्ये आहे.

आता फाइल उघडून पाहू, कारण या सेवेचा खरा कस तिथेच लागतो. फाइल साध्या मजकुराची असते आणि तिची पहिली ओळ हेडर, म्हणजे आकड्यांआधीचा माहितीचा भाग, किती ओळींचे आहे ते सांगते. या ओळी बहुधा पन्नासच्या पुढेच जातात, आणि घाईत असलेला माणूस त्या ओलांडून थेट आकड्यांच्या रकान्यांवर उडी मारतो. तसे करणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण आहे. वेळेचाच रकाना घ्या. हेडरमध्ये एक संदर्भतारीख दिलेली असते आणि प्रत्येक मापनाची सुरुवात व शेवट त्या तारखेपासून उलटलेल्या दिवसांत लिहिलेले असतात. संदर्भतारीख १ जानेवारी असेल आणि वर्ष लीप नसेल, तर १२०.० याचा अर्थ १ मेची मध्यरात्र होतो. पण ‘वर्षाचा १२०वा दिवस’ असे समजून वाचणारा ३० एप्रिल धरतो आणि त्याचे सारे हवामान एका दिवसाने सरकते. मॉडेल तरीही चालते, आकडेही बरे दिसतात, म्हणूनच ही चूक जास्त घातक आहे. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, हेही विसरून चालत नाही.

एककांचा भाग याहून महत्त्वाचा आहे. एबासमधील सल्फेटची मापने सामान्यतः त्यातील गंधकाच्या वजनात दिलेली असतात, सल्फेटच्या वजनात नव्हे. गंधकाचा अणुभार ३२ आणि सल्फेटचा रेणुभार ९६. म्हणजे दुसऱ्या ठिकाणाहून घेतलेल्या, सल्फेटच्या वजनात लिहिलेल्या मालिकेशेजारी ही मालिका तशीच ठेवली तर झेपेलिनची हवा आहे त्याच्या तिप्पट स्वच्छ ठरते, आणि झाडांच्या तत्त्वावर चालणारे (एकापुढे एक हो-नाही प्रश्नांच्या फांद्या फोडत उत्तराकडे जाणारे) अल्गोरिदम हा फरक ‘अक्षांशाचा परिणाम’ म्हणून निमूटपणे शिकून घेते. त्यातही एकूण सल्फेट आणि समुद्रमिठातील वाटा वजा केलेले सल्फेट असे दोन वेगळे घटक आहेत. समुद्राच्या पाण्यात सोडियमच्या वजनाच्या साधारण पावपट सल्फेट असते, तेवढे मोजलेल्या सोडियमवरून वजा केले जाते. जैविक गंधकाचा माग काढायचा असेल तर दुसरा घटक हवा, मिठाचा अभ्यास असेल तर सोडियमच घ्यावे. घनमीटरचा अर्थही हेडरमध्येच सापडतो: हवेचे आकारमान ० अंश सेल्सिअसला आणले आहे, २० अंशाला आणले आहे की जसे होते तसेच ठेवले आहे, यावर आकडे सुमारे ७ टक्क्यांपर्यंत इकडचे तिकडे होतात, आणि कडाक्याच्या थंडीत ‘जसे होते तसे’ मोजलेल्या हवेच्या बाबतीत हा फरक आणखी वाढतो.

फ्लॅगचा, म्हणजे मापनाच्या दर्जाविषयीच्या संकेतांचा, रकाना ही एबासची मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे. प्रत्येक मूल्याजवळ दशांशचिन्हानंतर तीन-तीन अंकांचे संकेत जोडलेले असतात, एकाच मूल्याला अनेक संकेतही असू शकतात. शून्ये म्हणजे मापन बिनतक्रार, ९९९ म्हणजे मापनच नाही, ७८१ म्हणजे मूल्य उपकरणाच्या शोधमर्यादेखाली असून रकान्यात लिहिलेला आकडा त्या मर्यादेचा आहे. काही संकेत स्थानिक धुराचा संशय नोंदवतात. ध्रुवीय हवेत शोधमर्यादेखालची मूल्ये ही काही अपवादात्मक बाब नाही, हिवाळ्यात जैविक घटकांच्या बाबतीत तो जवळजवळ नियमच असतो. अशा ओळी गाळून टाकल्या तर स्वच्छ दिवस नाहीसे होतात आणि मॉडेलला वाटते की हवेत नेहमीच काहीतरी असते. त्या जशाच्या तशा ठेवल्या तर उपकरणाची मर्यादा हेच निसर्गाचे मूल्य ठरते. योग्य मार्ग असा, की या ओळी वेगळ्या ओळखून त्यांना ‘इतक्यापेक्षा कमी’ असेच मानावे आणि तसे मानणारी सांख्यिकी पद्धत निवडावी. एबास हा निर्णय वापरणाऱ्यावर सोडते, पण निर्णय घ्यायला लागणारी सगळी माहिती हातात देते. आकर्षक आलेख काढून देणाऱ्या अनेक चकचकीत पोर्टलांपेक्षा मला हा प्रामाणिकपणा जास्त मोलाचा वाटतो.

या फायली वाचण्यासाठी पायथनमध्ये साधने उपलब्ध आहेत आणि निलूच्या वेगळ्या सर्व्हरवरून हाच डेटा नेटसीडीएफ या वैज्ञानिक डेटासाठीच्या फाइलस्वरूपातही घेता येतो. वीस-पंचवीस वर्षांच्या फायली जोडायच्या असतील तर दुसरा मार्ग सोयीचा पडतो. मध्येच उपकरण बदललेले असते, कण गोळा करणाऱ्या फिल्टरचा कालावधी बदललेला असतो. तिथे मालिका आपोआप शिवली जाण्याची अपेक्षा ठेवू नये. फाइलची आवृत्तीही नोंदून ठेवावी, कारण केंद्रांकडून सुधारित डेटा येत राहतो.

मापने झाली, आता कारणे कुठून आणायची? इथे एबासचा हात संपतो आणि युरोपीय हवामान केंद्राचे ‘ईआरए५’ हे पुनर्विश्लेषण, म्हणजे जुनी निरीक्षणे आणि हवामानाचे मॉडेल यांची सांगड घालून काढलेले मागील हवामानाचे चित्र, कामाला येते. १९४० पासून दर तासाचे, सुमारे ३१ किलोमीटर जाळीचे वारे, तापमान, पर्जन्य, सूर्यप्रकाश, सीमास्तराची (जमिनीलगतच्या घुसळत्या हवेच्या थराची) उंची आणि समुद्रबर्फाचे प्रमाण त्यात मिळते, तेही विनाशुल्क. मात्र हिवाळ्यात समुद्रबर्फावरचे तापमान ते प्रत्यक्षापेक्षा गरम दाखवते, कारण त्यात बर्फाची जाडी ठरावीक धरलेली आहे आणि त्यावरचा भुसभुशीत हिमथर धरलेलाच नाही. केंद्रावरच्या हवामानापेक्षा हवा गेल्या पाच-सात दिवसांत कुठून आली, हे इथे अधिक महत्त्वाचे असते. त्यासाठी हायस्प्लिट किंवा फ्लेक्सपार्ट यांसारख्या प्रणालींनी हवेचा मागचा प्रवास काढून, त्या वाटेवर किती खुले पाणी लागले, किती ऊन मिळाले आणि किती पाऊस पडला, हे मोजावे लागते. पाऊस हा यातला सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक घटक आहे, कारण समुद्राने कितीही कण दिले तरी वाटेतली एक चांगली सर ते खाली आणते.

अशा रीतीने तयार केलेल्या डेटावर मिथेनसल्फॉनिक आम्लाचे मॉडेल करायला घेतले की मिळणारे पहिले यश फसवे असते. डायमिथाइल सल्फाइडखेरीज या आम्लाला दुसरा मोठा स्रोत नसल्यामुळे जैविक खूण म्हणून ते उत्तम. पण ध्रुवीय रात्रीत ते जवळपास नसते आणि उजेड परतला की वाढते. त्यामुळे ऋतूबरोबर चढणारी-उतरणारी कुठलीही राशी, मग ती सूर्यप्रकाश असो, तापमान असो किंवा बर्फाची कड असो, त्याचा अंदाज बऱ्यापैकी देते. म्हणून मॉडेलची पहिली स्पर्धा पंचांगाशी लावावी: प्रत्येक महिन्याची दीर्घकालीन सरासरी हाच अंदाज मानला तर जी चूक राहते, तिच्यापेक्षा हे यंत्र किती कमी चूक करते? ही तुलना न देता केवळ सहसंबंधाचा मोठा आकडा पुढे करणाऱ्या निष्कर्षांवर माझा विश्वास बसत नाही.

चाचणीचा डेटा वेगळा काढण्याची रीतही तितकीच महत्त्वाची. आठवड्याच्या एका फिल्टरनंतरचा दुसरा फिल्टर बहुतेक वेळा पहिल्यासारखाच असतो. ओळी चिठ्ठ्या टाकून वाटल्या तर एका आठवड्याचे उत्तर शेजारच्या आठवड्यातून चोरले जाते. संपूर्ण वर्षे बाजूला ठेवून चाचणी घेतली की कामगिरी घसरते, आणि एखादे संपूर्ण केंद्रच बाजूला ठेवले तर ती आणखी घसरण्याची शक्यता असते. ही घसरण लपवू नये, कारण मॉडेलने काय शिकले आहे याचा खरा अंदाज तिच्यातूनच येतो. मॉडेलच्या अंदाजाचे श्रेय घटकांत वाटणाऱ्या शॅप पद्धतीने प्रत्येक घटकाच्या वाट्याचे आलेख काढता येतात आणि ते दिसतातही देखणे. पण प्रकाश आणि तापमान हातात हात घालून चालत असतील तर श्रेय कोणाच्या पदरात पडावे हे त्या गणिताला ठरवता येत नाही, ते दोघांत वाटून टाकते. समुद्री वनस्पतींची खूण म्हणून उपग्रहावरून मोजलेले हरितद्रव्यही असेच दगा देते. फिओसिस्टिससारख्या शैवालांतून डायमिथाइल सल्फाइडचा कच्चा माल भरपूर मिळतो, डायटम या दुसऱ्या गटातल्या शैवालांतून कमी. रंग मात्र दोघांचाही हिरवाच. भर म्हणजे ढग, बर्फ आणि अंधार यांच्यामुळे ध्रुवांवर हे मापन वारंवार खंडित होते.

समुद्रमिठाच्या बाबतीत तर डेटा आपल्या समजुतीलाच धक्का देतो. मीठ लाटांतून येते, तेव्हा खुले पाणी जास्त असलेल्या उन्हाळ्यात ते अधिक असावे, असे वाटते. आर्क्टिकच्या कित्येक केंद्रांवर ते हिवाळ्यात अधिक सापडते. हिवाळ्यातील वादळे हे त्याचे एक कारण आहे, आणि २०१९-२० मध्ये आर्क्टिकच्या बर्फात जहाज गोठवून घेतलेल्या मोझॅइक मोहिमेने दुसरेही पुढे आणले: समुद्रबर्फावरचा खारट हिम जोरदार वाऱ्याने उडतो, त्याचे पाणी वाफ होऊन जाते आणि मिठाचे सूक्ष्मकण मागे उरतात. वारा आणि बर्फ यांची ही एकत्रित अट झाडांवर आधारलेले मॉडेल सहज पकडू शकते, आणि या पद्धतीचे खरे बळ अशाच ठिकाणी दिसते. तिचे दुबळेपण भविष्याबद्दल बोलताना उघडे पडते, कारण शिकलेल्या कक्षेबाहेरची परिस्थिती आली की असे मॉडेल शेवटचे ओळखीचे उत्तरच पुन्हा देत राहते. बर्फ नसलेला सप्टेंबर त्याने कधी पाहिलेलाच नाही.

एबासच्या उणिवांकडे वळायचे तर, पहिली उणीव व्याप्तीची आहे आणि तिचा दोष सेवेला देता येणार नाही. मिथेनसल्फॉनिक आम्लाच्या सर्व ध्रुवीय मालिका इथे सापडतील असे समजू नये: अलास्कातील उत्कियागविकच्या फिल्टरांचे रसायन अमेरिकेच्या नोआ या महासागर व वातावरण संस्थेकडून घ्यावे लागते, कॅनडाच्या अलर्टचा डेटा त्या देशाच्या पोर्टलवर मिळतो, अंटार्क्टिकातील नॉयमायर तळाच्या मालिका जर्मनीच्या पँजिया संग्रहात आहेत. दोन्ही ध्रुवांचा मिळून विचार केला तर केंद्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच, तीही बहुतेक किनाऱ्यावरची किंवा डोंगरावरची, आणि गोठलेल्या समुद्राच्या मध्यावर कायमचे एकही नाही. झेपेलिन अनेकदा प्रत्यक्ष ढगात असते, आणि हवेत तापमानाचा उलटा थर (खाली थंड, वर गरम) असला की खालच्या वस्तीतली हवा व माथ्यावरची हवा यांचा एकमेकींशी संबंध उरत नाही. तेव्हा एका बिंदूचे मॉडेल म्हणजे आर्क्टिकचे मॉडेल असे म्हणणे धाडसाचे आहे. दुसरी उणीव नवख्यांना जाणवेल: फ्लॅगांचे अर्थ, घटकांची नावे आणि मापनपद्धतींचे भेद समजावणारे साहित्य विखुरलेले आहे आणि ते जाणकारांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहे. फाइलमध्ये डेटा देणाऱ्या शास्त्रज्ञांचा उल्लेख असतो आणि वापर करणाऱ्याने श्रेय द्यावे, शंका असल्यास त्यांना विचारावे, अशी अपेक्षा असते. ही अट मला योग्य वाटते.

ज्यांना एका जागेची मालिका नको, संपूर्ण नकाशा हवा आहे, त्यांनी युरोपच्या कोपर्निकस वातावरणसेवेचे ‘ईएसी४’ पुनर्विश्लेषण पाहावे. २००३ पासून दर तीन तासांचे, सुमारे ८० किलोमीटर जाळीचे मीठ, धूळ, सल्फेट, सेंद्रिय कण आणि काजळी त्यात आहेत. परंतु त्याला दिशा देणारी उपग्रहमापने अंधारात आणि शुभ्र हिमावर मिळत नाहीत, आणि त्यातील कणांच्या प्रकारांत मिथेनसल्फॉनिक आम्ल वेगळे दाखवलेले नाही. ध्रुवांवर तो नकाशा बऱ्याच अंशी मॉडेलचेच म्हणणे असतो. त्यावर दुसरे मॉडेल शिकवणे म्हणजे पहिल्याच्या समजुती पाठ करणे होय.

पदव्युत्तर विद्यार्थ्याने या सेवेवर हात बसवायचा असेल तर मिथेनसल्फॉनिक आम्लापासून सुरुवात करू नये. झेपेलिनचे रोजच्या फिल्टरचे सोडियम घ्यावे, तपासून अंतिम झालेल्या स्तराच्याच फायली निवडाव्यात, फ्लॅग वाचावेत आणि आधी फक्त वाऱ्याच्या वेगावर, मग वारा व समुद्रबर्फ दोन्हींवर, त्यानंतर वाटेतला पाऊसही जोडून, अशी तीन मॉडेले वर्षे वेगळी ठेवून करावीत. साध्या लॅपटॉपवर एवढे काम होते, आणि कोणत्या टप्प्यावर हिवाळ्याचा अंदाज सुधारतो ते पाहिल्यावर पुढे कुठला घटक जोडायचा हे ठरवता येते.